बोटीला घरचा नळ चालतो का? उत्तर दुकानात नाही, पाण्याच्या रेषेत आहे

घरातला बॉल व्हॉल्व्ह आणि बोटीचा सी-कॉक दिसायला सारखेच. किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक. मग जास्त पैसे कशाचे? आणि ते कुठे वाचवावेत, कुठे अजिबात वाचवू नयेत?

पावसाळ्यात कोकणातली बहुतेक बंदरे थंडावतात. पश्चिम किनाऱ्यावरील केंद्राची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास पुन्हा समुद्राकडे वळतात. मधल्या काळात रंगरंगोटी होते, इंजिन उघडले जाते, जाळी विणली जातात. याच काळात कुणीतरी जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन एक इंची व्हॉल्व्ह, दोन निपल, एक एल्बो आणि चार क्लिपा घेऊन येतो. जुना भाग गंजलेला असतो, नवा चकचकीत दिसतो, आटेही बसतात. काम झाले असे वाटते.

दुकानातला तो माल खराब नसतो. उलट घरासाठी तो उत्तमच असतो. प्रश्न एवढाच, की तो ज्या कामासाठी बनवला ते काम आणि बोटीच्या तळाशी त्याला करावे लागणारे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यातला फरक समजला, की प्रत्येक ठिकाणी महाग ‘मरीन’ माल घ्यायची गरज नाही हेही कळते आणि काही ठिकाणी स्वस्त माल लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे हेही कळते.

घरात गळती झाली तर काय होते?

घरात नळाचा सांधा सुटला तर पाणी जमिनीवर येते, मोरीतून वाहून जाते. फार तर खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येऊन भांडतात. कुणीतरी गच्चीवर जाऊन टाकीचा मुख्य कॉक बंद करतो. कॉक सापडला नाही तरी टाकीतले पाणी संपले की गळती थांबते. हजार लिटरची टाकी असेल तर नुकसान हजार लिटरचे.

बोटीत हे उलटे असते. टाकी बाहेर आहे आणि ती म्हणजे समुद्र. ती संपत नाही. पाणी वाहून जायला मोरी नाही, कारण बोटीचा तळ हाच सर्वात खालचा भाग. आत आलेले प्रत्येक लिटर बोटीचे वजन वाढवते, बोट आणखी खाली बसते आणि पाण्याखाली नसलेली छिद्रेही पाण्याखाली जाऊ लागतात.

किती पाणी येते याचा अंदाज अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातून काढता येतो. भोक पाण्याच्या पातळीखाली जितके खोल, तितका पाण्याचा वेग जास्त. जलरेषेच्या दोन फूट खाली अर्ध्या इंचाचे भोक उघडे पडले तर मिनिटाला साधारण १५ लिटर पाणी आत येते. एक इंचाचे असेल तर ६० लिटरच्या आसपास आणि दीड इंचाचे असेल तर सुमारे १४० लिटर. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी एक इंची भोक साधारण १६ मिनिटांत भरेल, दीड इंची भोक सात मिनिटांत. १० हजार लिटरचा पाण्याचा टँकर दीड इंची भोकाला सव्वा तासाच्या आत भरता येतो.

व्यास तिप्पट झाला की पाणी नऊपट होते, हे या आकड्यांत दिसते. ‘एवढेसे तर भोक’ हा समज त्यामुळेच महागात पडतो. धक्क्याला बांधलेल्या बोटीत रात्री कुणी नसेल आणि एक इंची सांधा सुटला, तर सुरुवातीच्या वेगाने आठ तासांत ३० टन पाणी आत येऊ शकते.

आत साचलेले पाणी उपसायला पंप असतोच, असे म्हणता येईल. पण छोट्या बोटींवरच्या पंपाच्या खोक्यावर तासाला चार हजार लिटर लिहिलेले असले, तरी तो आकडा पाणी वर चढवावे लागत नसताना मोजलेला असतो. पाइपची उंची, वळणे आणि उतरलेली बॅटरी जमेस धरली की प्रत्यक्षात बरेच कमी पाणी बाहेर पडते. एक इंची भोक तासाला पावणेचार हजार लिटर आत आणत असेल, तर हा सामना हरण्याचाच.

‘१६ बारचा व्हॉल्व्ह आहे, काय होतंय?’

दुकानात हमखास ऐकू येणारा युक्तिवाद म्हणजे दाबाचा. घरच्या चांगल्या बॉल व्हॉल्व्हवर ‘पीएन १६’ असे कोरलेले असते. म्हणजे तो १६ बार दाब सहन करू शकतो.

बोटीच्या तळाशी दाब असतो तरी किती? पाण्याच्या दहा मीटर खोलीला साधारण एक बार. दोन फूट खोलीवर ०.०६ बार. चार मजली इमारतीच्या तळमजल्यावरच्या नळावर गच्चीतल्या टाकीमुळे सव्वा बारच्या आसपास दाब असतो. म्हणजे घरचा नळ बोटीच्या तळापेक्षा वीसपट जास्त दाब रोज झेलतो आणि तरी वर्षानुवर्षे टिकतो.

मग अडचण कुठे? अडचण अशी, की बोटीवरचे व्हॉल्व्ह दाबाने फुटत नाहीत. ते खाऱ्या पाण्याने आतून पोखरले जातात, थरथरीने सैल होतात आणि कुणाचा तरी पाय पडला किंवा जड पेटी आदळली की मुळापासून तुटतात. या तिन्ही गोष्टींबद्दल ‘पीएन १६’ हा शिक्का काहीच सांगत नाही. परीक्षा एका विषयाची आणि गुणपत्रिका दुसऱ्याच विषयाची, असा हा प्रकार आहे.

पितळ ‘पोकळ’ होते म्हणजे काय?

पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे घराघरांत माहीत असलेले रसायनशास्त्र आहे. म्हणून तर पितळी भांड्यांना कल्हई लावतात. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. घरच्या नळांसाठी आणि व्हॉल्व्हसाठी वापरल्या जाणाऱ्या पितळेत साधारण ६० टक्क्यांच्या आत-बाहेर तांबे आणि उरलेल्यात मुख्यतः जस्त असते. यंत्रावर कापायला सोपे जावे म्हणून थोडे शिसे घातलेले असते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यात हे पितळ सतत बुडून राहिले की त्यातले जस्त हळूहळू विरघळून निघून जाते आणि मागे उरते ते तांब्याचे सच्छिद्र, ठिसूळ हाड. अभियांत्रिकीत याला ‘डीझिन्सिफिकेशन’ म्हणतात.

यातली सर्वात धोकादायक गोष्ट अशी, की वस्तूचा आकार बदलत नाही. लोखंड गंजले की पापुद्रे सुटतात, तांबेरा दिसतो, माणूस सावध होतो. जस्त गेलेला पितळी भाग मात्र जागच्या जागी, त्याच मापाचा, त्याच आट्यांचा दिसतो. फक्त ताकद गेलेली असते. वरून निकेलचा मुलामा असेल तर रंगातला बदलही झाकला जातो. एखाद्या दिवशी मूठ फिरवताना किंवा पाइप ओढताना तो बिस्किटासारखा तुटून हातात येतो.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. ब्रिटनमध्ये सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी यंत्रणेने ‘रँडम हार्वेस्ट’ या मासेमारी बोटीत पाणी भरल्याच्या घटनेची चौकशी केली. तेव्हा तळाजवळच्या पितळी फिटिंगमधील नेमका हाच दोष पुढे आला होता.

यावर पर्याय आहेत. पहिला पर्याय गनमेटल, म्हणजे कथील घातलेला ब्राँझ. ८५ टक्के तांबे आणि कथील, शिसे, जस्त प्रत्येकी ५ टक्के हे त्याचे प्रचलित प्रमाण. भारतीय मानक आयएस ३१८ मध्ये हा ‘एलटीबी-२’ या नावाने ओळखला जातो. जस्त कमी असल्याने समुद्राला खायला फारसे काही उरत नाही. दुसरा पर्याय ‘डीझेडआर’ पितळ. यात किंचित आर्सेनिक मिसळलेले असते, त्यामुळे जस्त निसटण्याची क्रिया मंदावते. अशा भागांवर बहुधा ‘डीझेडआर’ किंवा ‘सीआर’ असे कोरलेले असते. तिसरा पर्याय काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा. तो गंजतच नाही.

एक सावधगिरी नावांबाबत. ‘मँगनीज ब्राँझ’ नावाला ब्राँझ असला तरी त्यात ४० टक्क्यांच्या जवळपास जस्त असते. म्हणजे व्यवहारात ते पितळच. नावावर जाऊ नये, घटक विचारावेत.

आटे बसले, पण किती बसले?

दुसरा मुद्दा आट्यांचा. घरच्या नळकामात पाइपचे आटे निमुळते असतात. जितके पिळावे तितके ते घट्ट होत जातात. सूत आणि सफेदा किंवा टेफ्लॉन टेप लावली की सांधा पाणी धरतो. तळातून बाहेर जाणाऱ्या फिटिंगचे आटे मात्र सरळ असतात, कारण त्यावर आतून मोठा नट आवळून फिटिंग तळाला घट्ट बसवायचे असते. भारतीय मानकांतही हे दोन प्रकार वेगळे आहेत. आट्यांवरच पाणी अडवायचे असेल तर आयएस ५५४, नसेल तर आयएस २६४३.

सरळ आट्यांवर निमुळत्या आट्यांचा व्हॉल्व्ह चढवला तर दोन-तीन फेऱ्यांतच तो अडकतो. हाताला ‘घट्ट बसला’ असे वाटते. प्रत्यक्षात दहा-बारा आट्यांऐवजी दोन-तीन आट्यांवरच सगळा भार असतो.

अमेरिकी बनावटीचा पंप किंवा फिटिंग असेल तर गुंता आणखी वाढतो. भारतात ब्रिटिश पद्धतीचे आटे चालतात, अमेरिकेत वेगळे. अर्ध्या आणि पाऊण इंचाच्या मापात दोन्हींचे इंचाला १४ आटे असल्याने ते एकमेकांत सहज जातात. एक ते दोन इंचाच्या मापात मात्र ब्रिटिश ११ आणि अमेरिकी साडेअकरा. सुरुवात होते आणि मग अडकते. शिवाय आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. वरून जास्तीची टेप गुंडाळली की गळती थांबते, पण कमजोरी तशीच राहते.

खांबासारखा उभा व्हॉल्व्ह

घरात व्हॉल्व्ह भिंतीत असतो किंवा पाइप दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी धरलेला असतो. बोटीत साधा बॉल व्हॉल्व्ह तळातून वर आलेल्या आट्यांवर नुसता खांबासारखा उभा राहतो. इंजिनची थरथर दिवसरात्र चालू. त्यात लाटेत तोल जाऊन कुणी त्यावर पाय दिला, तर सगळा जोर सर्वात पातळ जागी, म्हणजे आट्यांच्या खाचेत येतो.

खऱ्या सी-कॉकला खाली रुंद बैठक असते. ती तळाला बोल्टने पक्की केली जाते. त्यामुळे धक्का आट्यांवर न येता बैठकीवर येतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या एच-२७ या मानकानुसार सी-कॉकच्या आतल्या टोकावर ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो भार ३० सेकंद ठेवला तरी तो निकामी होता कामा नये, पाणी आत येता कामा नये. धडधाकट माणूस घसरून त्यावर पडला तरी तो टिकावा, हा त्यामागचा हिशेब. जास्तीचे पैसे जातात ते इथे.

चाक फिरवून बंद करायचा गेट व्हॉल्व्ह तर बोटीच्या तळाशी असूच नये. तो बंद आहे की उघडा, हे बघून कळत नाही. आत कचरा अडकला तर चाक फिरते, पण झडप पूर्ण बसत नाही. दांडा गंजला की चाक नुसतेच फिरत राहते. पाव फेरीचा व्हॉल्व्ह बरा. मूठ पाइपच्या रेषेत असेल तर उघडा, आडवी असेल तर बंद. अंधारातही हाताला कळते.

स्टेनलेस म्हणजे निर्धास्त?

क्लिपा हा या साखळीतला सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित भाग. व्हॉल्व्ह गनमेटलचा असला तरी होस धरून ठेवणारी क्लिप तुटली की परिणाम तोच.

साध्या क्लिपेची पट्टी स्टेनलेसची असते, पण स्क्रू बऱ्याचदा जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या लोखंडाचा असतो. पट्टी चकचकीत राहते आणि स्क्रू आतून संपतो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे लोहचुंबक. स्क्रूला चुंबक जोरात चिकटला तर ती क्लिप बोटीच्या कामाची नाही.

स्टेनलेसमध्येही प्रकार आहेत. भारतीय बाजारात २०२ ग्रेड मुबलक मिळते. निकेल कमी असल्याने ते स्वस्त पडते, पण खाऱ्या हवेत लवकर डागाळते. ३०४ त्यापेक्षा बरे. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि तेच समुद्राच्या पाण्याला जास्त तोंड देते. पण तेही अजिंक्य नाही. पट्टीच्या घडीखाली, स्क्रूच्या आत, जिथे पाणी साचून राहते आणि हवा पोहोचत नाही, तिथे ३१६ सुद्धा खड्डे पडून गंजते. म्हणून जलरेषेखालच्या होसला प्रत्येक टोकाला दोन क्लिपा लावण्याची पद्धत आहे. एक गेली तर दुसरी असावी.

पीव्हीसीला गंज नाही, मग हरकत काय?

हरकत प्लास्टिकला नाही. वर म्हटल्याप्रमाणे काचतंतूंचे नायलॉन बोटीच्या तळाशी चालते. हरकत आहे ती घरच्या कडक पीव्हीसी पाइपला आणि सोल्युशनने चिकटवलेल्या सांध्यांना. बोट लाटेवर किंचित पिळवटते, इंजिन थरथरते, कडक पाइप मात्र वाकत नाही. मग तो सांध्याजवळ तडकतो. ६० अंश सेल्सिअसच्या पुढे साधे पीव्हीसी कामाचे राहत नाही आणि इंजिनच्या खोलीत गरम पाइपाजवळ ते तापमान गाठणे अवघड नसते. सीपीव्हीसी जास्त तापमान झेलते, पण कडकपणाचा दोष त्यातही आहेच.

बागेला पाणी घालायच्या पारदर्शक होसचेही तसेच. गरम झाली की ती मऊ पडते आणि पंप ओढायला लागला की चेपते. इंजिनला थंड ठेवणारे पाणी अडते, इंजिन तापते आणि मग किनाऱ्यापासून दूर बोट बंद पडते. पाणी आत न येताही स्वस्त होस अशी महागात पडू शकते.

जीआय पाइपची गोष्ट आणखी वेगळी. त्यावरचा जस्ताचा थर समुद्राच्या पाण्यात आधी जातो. आणि तो पाइप ब्राँझच्या व्हॉल्व्हला जोडला असेल तर दोन धातू आणि खारे पाणी मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते. त्यात कमी प्रतिष्ठित धातू, म्हणजे लोखंड, झपाट्याने झिजतो. दोन चांगले भाग एकत्र येऊन एक वाईट सांधा होतो तो असा.

मग घरचा माल कुठे चालतो?

‘मरीन’ नसलेले सगळे फेकून द्या, असा सल्ला देणारे विकणाऱ्यांचे हित बघतात, बोटवाल्याचे नाही. बोटीतल्या गोड्या पाण्याच्या टाकीपासून स्वयंपाकाच्या नळापर्यंतचा पाइप, भांडी घासायच्या सिंकचा नळ, हात धुण्याची तोटी, शॉवर हे सगळे घरच्या दर्जाचे असले तरी चालते. तिथे पाणी गोडे असते आणि गळती झाली तरी टाकीएवढेच पाणी सांडते. पाण्याची टाकी आणि होस पिण्याच्या पाण्याला योग्य असली म्हणजे झाले.

नियम एका ओळीत सांगायचा तर असा: तो भाग निकामी झाल्यावर समुद्र आत येऊ शकतो का? येऊ शकत असेल तर तिथे घरचा माल नाही. येऊ शकत नसेल तर खुशाल लावा.

यात एक मेख आहे. जलरेषा जागेवर राहत नाही. बर्फ, डिझेल, जाळी आणि मासळी भरून बोट निघते तेव्हा ती रिकाम्या बोटीपेक्षा बरीच खाली बसलेली असते. एका कुशीवर कलली तर त्या बाजूची छिद्रे आणखी खाली जातात. रिकामी असताना हातभर वर दिसणारे पंपाचे तोंड भरल्या बोटीत पाण्याला टेकते आणि उपसायचा पाइपच उलटा पाणी आत ओढू लागतो. घरच्या पंपाला लावतात तो स्प्रिंगचा एनआरव्ही इथे पुरा पडत नाही. त्यात माशांचा खवला किंवा दोऱ्याचा तुकडा अडकला की तो उघडाच राहतो. पाइपला आतून वर उंच वळसा देऊन मगच बाहेर काढणे हा खात्रीचा उपाय. म्हणून ‘जलरेषेच्या वर’ याचा अर्थ भरल्या आणि कललेल्या बोटीच्या जलरेषेच्या वर, असाच घ्यायला हवा.

हाच न्याय गॅसला. खलाशी बोटीवर जेवण बनवतात. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. घरात गळाला तर दार-खिडकी उघडून बाहेर घालवता येतो. बोटीत तो तळाशी जाऊन बसतो आणि इंजिन सुरू करतानाच्या एका ठिणगीची वाट पाहतो. त्यामुळे जुनी, तडे गेलेली गॅसची नळी घरापेक्षा बोटीवर जास्त घातक.

‘मरीन’ लिहिले म्हणजे झाले?

नाही. आणि ही बाजूही सांगायला हवी. युरोपात छोट्या बोटींच्या फिटिंगसाठी लागू झालेल्या आयएसओ ९०९३ या मानकाच्या मूळ आवृत्तीत गंजरोधक कशाला म्हणायचे, याची व्याख्या पाच वर्षांच्या वापरावर बांधलेली होती. पाच वर्षांत घट्टपणा, ताकद किंवा कामात दोष येऊ नये, एवढीच अपेक्षा. बोट चालते वीस-तीस वर्षे. या सवलतीमुळे अनेक नव्याकोऱ्या युरोपीय बोटींवर निकेलचा मुलामा दिलेले साधे पितळ बसले आणि त्यावर तिथल्या नौकाप्रेमींनी बरीच टीका केली.

त्यामुळे वेष्टनावरचा नांगर बघून पैसे मोजू नयेत. धातू कोणता, मानक कोणते, आटे कोणते, हे तीन प्रश्न विचारावेत. ज्या दुकानदाराला उत्तर देता येत नाही, त्याचा माल जलरेषेच्या वर ठेवावा.

खर्चाचा खरा हिशेब

छोट्या मच्छीमाराचा आक्षेप खरा आहे. डिझेल महाग, मासळीचा भरवसा नाही, बर्फ आणि खलाशांचा खर्च वेगळा. त्यात एका व्हॉल्व्हला कित्येक पट पैसे कुठून आणायचे?

पण मोजायचे काय, हे आधी बघायला हवे. आउटबोर्ड इंजिनच्या छोट्या होडीला तळात बहुधा असे छिद्रच नसते. तिचा प्रश्नच मिटला. मोठ्या बोटीला अशी छिद्रे मोजकी असतात. इंजिनचे पाणी, डेक धुण्याचा पंप, असल्यास संडास. चार-पाच जागा. संपूर्ण बोटीचे नळकाम महाग करायचे नाही, या चार-पाच जागाच पक्क्या करायच्या आहेत. वापरात नसलेले छिद्र कायमचे बुजवणे हा तर सर्वात स्वस्त उपाय. आणि या खर्चाची तुलना घरच्या व्हॉल्व्हच्या किमतीशी नव्हे, तर बोट, इंजिन, जाळी आणि त्यावरच्या माणसांशी करायला हवी.

तरीही सगळा भार बोटमालकावर टाकून चालणार नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत नौदलाच्या स्पीडबोटीची ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडक बसली. त्या दुर्घटनेचे कारण वेगळे होते, पण त्यानंतर लाइफ जॅकेट आणि प्रवासी क्षमता यांवर जोरदार चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. मात्र लाइफ जॅकेट बोट बुडाल्यावर कामाला येते. बोट बुडूच नये यासाठी तळातल्या फिटिंगकडे बघावे लागते आणि ती कुणाला दिसत नाहीत, म्हणून त्यांची चर्चाही होत नाही.

इथे तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. एक, प्रवासी असो वा मासेमारी बोट, तपासणीच्या वेळी जलरेषेखालच्या प्रत्येक छिद्राची यादी, त्यावरच्या फिटिंगचा धातू आणि बसवल्याचे वर्ष लिहून घेणे सक्तीचे करावे. कागदाच्या एका पानाचे काम आहे. दोन, प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांना सुरक्षा साधनांचा संच देण्याची तरतूद आहे. त्याच धर्तीवर चांगले सी-कॉक आणि क्लिपा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत एकगठ्ठा खरेदी करून द्याव्यात. एकेकट्याने घेतल्यापेक्षा त्या नक्कीच स्वस्त पडतील. तीन, गनमेटलचे ओतकाम आपल्याकडे नवे नाही आणि मानकही भारतीय आहे. गरज आहे ती मागणीची. मागणी नियमातून आली तर आयातीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

बोट वर असताना काय तपासाल?

- तळातल्या प्रत्येक छिद्राची यादी करा. कुठे आहे, कशासाठी आहे, व्हॉल्व्ह कोणता, कधी बसवला.
- पितळी भाग टोकदार वस्तूने थोडा खरवडून पाहा. आत पिवळा रंग दिसला तर ठीक. तांबूस-गुलाबी दिसला तर जस्त गेले आहे. भाग बदला, वाट पाहू नका.
- हलक्या हातोडीने ठोकून पाहा. चांगला धातू खणखणतो, पोखरलेला बद्द आवाज देतो.
- प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा. अडकत असेल तर तो बंद करायची वेळ येईल तेव्हाही अडकेल.
- क्लिपांना चुंबक लावा. होस हाताने दाबून, वाकवून बघा. तडे दिसले किंवा ती मऊ पडली असेल तर बदला.
- प्रत्येक व्हॉल्व्हजवळ त्या मापाचा मऊ लाकडाचा निमुळता बूच दोरीने बांधून ठेवा. व्हॉल्व्ह तुटला तर तो बूच ठोकून भोक बंद करता येते. या वस्तूला जवळपास काहीच खर्च येत नाही.
- बोट पाण्यात उतरवल्यावर पहिला तास प्रत्येक सांध्याखाली हात फिरवा. ओल असेल तर बोट पुन्हा वर घ्या.
- समुद्रात पाणी आत येऊ लागले तर आधी सर्व सी-कॉक बंद करा आणि उपसणे सुरू ठेवतानाच व्हीएचएफ चॅनेल १६ वर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवा. आधी आपण प्रयत्न करू, मग बघू, असे म्हणण्यात गेलेली पंधरा मिनिटे म्हणजे एक इंची भोकातून आलेले ९०० लिटर पाणी.